मुलांना शहरातल्या खुणा कशा शिकवाव्यात: आधी गल्ली, मग झिरो माईल

पाच वर्षांच्या मुलाला नागपूरच्या झिरो माईल या जुन्या खांबासमोर उभं करून 'बघ, हा इंग्रजांच्या काळातला दगड' असं सांगितलं, तर ते फुगेवाल्याकडे बघणार. त्यात त्याचं काही चुकत नाही. एखादं ठिकाण महत्त्वाचं वाटायच्या आधी ते कामाचं वाटावं लागतं, आणि या वयात काम एकच: घरचा रस्ता सापडणं. म्हणून इतिहासाची घाई करू नका, सुरुवात वाटेपासून करा.

१. घर ते शाळा, तीन खुणा

नागपुरात पत्ता घर क्रमांकावरून कोण सांगतं? मेडिकल चौकातून डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या मागे, असाच सांगतात. मुलाला तेच विचारा: 'आजोबा एकटेच तुला शाळेत घ्यायला निघाले, तर त्यांना काय काय बघत यायला सांगशील?' उत्तरं साधारण अशी येतात: झोपलेला काळा कुत्रा, पिवळं गेट, पाणीपुरीचा ठेला. हसू नका, तिन्ही लिहून घ्या.

मग एकेक तपासा. कुत्रा उद्या तिथेच झोपेल का? ठेला तर संध्याकाळी लागतो, आजोबा दुपारी निघतात. पिवळं गेट मात्र जागचं हलत नाही, लांबून दिसतं आणि शेजारच्या काकूंनाही माहीत असतं. जागेवर राहणारी, लांबून दिसणारी, दुसऱ्यालाही ठाऊक असलेली ती खूण, हे मूल स्वतःच कुत्र्याच्या नावावर काट मारताना शिकतं. व्याख्या पाठ करून घ्यायची गरज पडत नाही.

२. फरशीवर नकाशा

खडूने रस्ता काढा. घराच्या जागी काडेपेटी, गेटच्या जागी पिवळा ठोकळा. प्रमाण चुकलं तर चुकू द्या. नंतर गाडीवरून जाताना प्रत्येक वळणाआधी त्यालाच विचारा, 'आता कुठे?'

३. एका वेळी एकच मोठं ठिकाण

एका रविवारी पाच ठिकाणं दाखवायचा मोह होतो, पण मुलाच्या लक्षात शेवटी फक्त आइस्क्रीम राहतं. ठिकाण एकच निवडा आणि सकाळी लवकर निघा. मे महिन्यात तर हा बेत आखूच नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

झिरो माईलपासून सुरुवात सोपी जाते, कारण तिथे घोडे आहेत. मुलांना खांब दिसतच नाही, आधी चार घोडे दिसतात. दिसू द्या, मोजू द्या. मग खांबाकडे वळवा. देशाची मोजणी करणाऱ्या सर्वेक्षणाशी जोडलेला हा दगड. जबलपूर, हैदराबाद, छिंदवाडा अशा गावांची अंतरं त्यावर मैलांत कोरली आहेत. घरच्या नकाशात काडेपेटीपासून शाळा मोजली, तसं इथून गावं मोजायची, एवढं सांगितलं की खेळ जुळतो. तुमचं एखादं नातेवाईक छिंदवाड्याला असेल तर फारच छान. हा देशाचा अगदी मधला बिंदू, असं आपण सगळे ऐकत आलो. ते खरं की नाही, या वादात मुलाला ओढायचं कारण नाही.

परतताना तर्री पोहे खाणार असालच. मुलासाठी बिनतर्रीचे सांगा.

४. 'इथे काय झालं होतं?'

या प्रश्नासाठी दीक्षाभूमी घ्या. इथला क्रम मुलांना पटकन कळतो: आधी घटना घडली, इमारत नंतर आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा हा स्तूप नव्हता. सांचीच्या स्तूपावरून घडवलेल्या या वास्तूचं लोकार्पण २००१ साली झालं. मुलाला सांगा, 'काही लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, देवळात येऊ देत नव्हते. बाबासाहेब म्हणाले, हे आम्ही चालवून घेणार नाही, आम्ही नवी वाट धरतो. ते इथे झालं, म्हणून लोकांनी इथे स्तूप बांधला.' या वयाला एवढं पुरे. 'का भरू देत नव्हते?' असं ते विचारेलच. जात हा शब्द टाळू नका. 'तेव्हाची पद्धत होती' म्हणून विषय बदलणं सगळ्यात वाईट.

चपला काढून आत गेलात की बोलू नका, त्याला आधी वर बघू द्या. स्तूप आतून पोकळ आहे हे बाहेरून कळत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी गर्दी प्रचंड असते; लहान मूल घेऊन निवांत बघायचं तर दुसरा दिवस निवडा. त्या दिवसांत रस्त्यानं येणारी माणसं मात्र जरूर दाखवा. इतक्या लांबून लोक का येतात, हे त्या गर्दीकडे बघून जास्त समजतं.

५. बंद दारं आणि दुःखाच्या जागा

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत जाता येत नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात, तेव्हा जा. तोवर खालून टेकडी दाखवा आणि सांगा की नोव्हेंबर १८१७ मध्ये इथे भोसले आणि इंग्रज लढले, इंग्रज जिंकले.

बर्डीतलं गोवारी शहीद स्मारक बहुतेक पालक गाडीचा वेग न कमी करता मागे टाकतात. मुलाने विचारलं तर खरं सांगा: १९९४ साली आपलं म्हणणं मांडायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यांची आठवण म्हणून हे आहे. तपशील नको, खोटंही नको.

६. परीक्षा नको, पाहुणा द्या

घरी येऊन 'सांग बरं कोणत्या साली?' सुरू केलंत तर पुढच्या रविवारी मूल चप्पल घालणार नाही. त्याऐवजी अमरावतीचा मामा येईल तेव्हा वाटाड्याचं काम मुलाला द्या. कुठे वळायचं आणि पोहोचल्यावर काय झालं होतं, दोन्ही त्यानेच सांगायचं. मामाला आधीच बजावून ठेवा की सगळं माहीत असलं तरी गप्प बसायचं. मुलाचं एखादं वळण चुकलं तर पुढच्या चौकातून गाडी फिरवता येते.