बेदाण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: माल शब्दांत कसा दाखवावा

वऱ्हाडातून सांगलीत येऊन मला एकोणीस वर्षे झाली आणि ती सगळी बेदाण्याच्या अडत दुकानात गेली. आपल्याकडून तासगाव-सांगली भागात कामाला येणाऱ्यांना खोली आणि मेस कोणीही दाखवील. मला सांगायचे आहे ते इथल्या कामातल्या बोलण्याविषयी, कारण माझी पहिली मोठी चूक तिथेच झाली.

रुजू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका खरेदीदाराला मी फोनवर 'माल ओला आहे' एवढेच कळवले. मुठीत दाबलेले दाणे लगेच सुटे होत नाहीत, शेडमध्ये रॅकवर ते आणखी दोन दिवस राहायला हवे होते, असे मला म्हणायचे होते. माल पावसात भिजला असा त्यांनी अर्थ घेतला आणि सौदा मोडला. भिजलेला बेदाणा काळा पडतो, डागी होतो; त्यामुळे त्यांना मी आजही दोष देत नाही.

सौद्यात, म्हणजे लिलावात, उभा असलेला व्यापारी मूठभर माल हातात घेऊन पाहतो, पण दूरच्या खरेदीदाराजवळ तुमच्या शब्दांखेरीज काही नसते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावावरून समोरच्या बॉक्समध्ये काय आहे हे त्याला कळत नाही. म्हणून नुसते 'हिरवा, चांगला' असे न लिहिता, 'हिरवा, लांब दाणा, मुठीत दोन-तीन दाणे तपकिरी, देठ काढलेले, दाबल्यावर चिकटत नाही, १५ किलोचे ४० बॉक्स' असे लिहावे. गाडीबद्दल 'परवा' लिहू नये, वार आणि तारीख लिहावी. परवा मागचाही असतो आणि पुढचाही.

शेतकऱ्याशी बोलताना अधिक जपावे. 'तात्या, माल हलका आहे' या वाक्याने त्यांच्या वर्षभराच्या कष्टांना नाव ठेवल्यासारखे होते, आणि दर कशामुळे कमी आला हेही त्यांना समजत नाही. 'रंग छान आहे, दाणा मात्र बारीक राहिला' असे म्हटले, तर पुढच्या हंगामात काय सुधारायचे याचा विचार त्यांना करता येतो.

पहिले आठ दिवस निवडणीच्या बायकांजवळ बसावे. मला हिरव्या रंगातला फरक तिथल्याच एका मावशींनी शिकवला; दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी मला दाराच्या उजेडात नेले आणि कोणता फिका आहे ते ओळखेपर्यंत आत येऊ दिले नाही.