घसा सुजल्यासारखा वाटतोय? आधी हे बघा, मग औषध

घशात सुजल्यासारखं वाटलं की आपल्याकडं कुणी गळ्याला चुना लावतं, तर कुणी मेडिकलवरून पुडी आणतं. दोन्ही थांबवा. बाहेरून लावलेला चुना आतल्या सुजेपर्यंत पोचत नाही, कातडी मात्र भाजते. पुडीत काय आहे ते देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो. मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून मी घशाचे भरपूर पेशंट बघितलेत. घशाला नेमकं काय झालंय याचा निम्मा उलगडा घरीच होतो, फक्त बघायचा क्रम चुकता कामा नये.

पहिलं: धोका आहे का?

श्वास घेताना आवाज येतोय, थुंकी गिळता येत नाही म्हणून लाळ गळतेय, ओठ किंवा जीभ सुजलीय, यातलं एकही असेल तर १०८ ला फोन करा. पेशंटला बसवून ठेवा, आडवं करू नका. लाळ गळणाऱ्या, धाप लागलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा बघायचा नाही, त्यानं श्वासाची वाट पूर्ण बंद होऊ शकते. मधमाशी चावल्यावर, एखादी गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंगावर पित्त उठून घसा आवळत असेल, तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. घरच्या उपायात वेळ घालवू नका. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनीही ओठ-जीभ सुजू शकते, कधी कधी गोळी सुरू करून वर्ष उलटल्यावरही. म्हणून गोळ्यांची पट्टी सोबत न्या.

दुसरं: ताप आणि दुखणं

सर्दी, खोकला, बसलेला आवाज आणि दुखणारा घसा हे बहुतेक वेळा विषाणूचं काम. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या, गरज पडली तर पॅरासिटामॉल आणि साधारण आठवडाभर धीर. अँटिबायोटिक इथं काही करत नाही.

ताप आहे पण सर्दी-खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, जबड्याखालच्या गाठी दुखतात, असं असेल तर डॉक्टरला दाखवा. हा जिवाणूचा संसर्ग असू शकतो. मुलांमध्ये तो अर्धवट सोडला तर पुढं संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा १० दिवसांचा कोर्स दिला असेल तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी गोळ्या पूर्ण घ्या. एकाच बाजूला भयंकर दुखतंय आणि तोंड उघडत नाही, म्हणजे आत पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घशात राखाडी पापुद्रा दिसला तर घटसर्पाची शंका घ्या आणि मुलाचं लसीकरणाचं कार्ड घेऊनच निघा.

आणि पडजीभ पडली म्हणून तोंडात बोट घालून ती उचलून देणाऱ्यांकडं कृपा करून जाऊ नका.

तिसरं: बाहेरून बघा

आरशासमोर मान किंचित मागं करून पाण्याचा घोट घ्या. गळ्याच्या मधोमध फुगवटा दिसला आणि तो गिळताना वर सरकला, तर थायरॉइडची तपासणी करा.

चौथं: काहीच दिसत नाही, तरी गोळा जाणवतो

ही पायरी उमगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथंच मिळतात.

एकच प्रश्न विचारा: जेवताना काय होतं? भाकरी नीट उतरते, जेवताना गोळ्याचा विसरही पडतो, पण नुसती थुंकी गिळली की पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, असं असेल तर वाट बंद झालेली नाही. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो गरजेपेक्षा जास्त आवळला की असं वाटतं. उलट, आधी भाकरी अडकायला लागली, मग कुस्करून खावी लागली, मग नुसत्या पातळ आमटीवर आलं, तर एक दिवसही थांबू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

पहिल्या प्रकारात लोक सारखे खाकरत राहतात. खाकरल्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथं सूज येते, चिकटा वाढतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. जखमेवरची खपली रोज काढण्यातला हा प्रकार. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा छोटा घोट घ्या, हनुवटी खाली करून सावकाश गिळा. कोरडं गिळून गोळा आहे का गेला हे तपासत बसणं तर पूर्ण बंद. चार दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे लागतात. सवय मोडायला घरच्यांनी आठवण करून द्यावी, पण रागावून नको.

मग पित्त बघा. छातीत जळजळ नसली तरी आम्ल घशापर्यंत येऊ शकतं. आपल्याकडं शेतीची लाईट रात्री येते, माणूस पाणी देऊन मध्यरात्री घरी येतो, भाकरी-ठेचा खातो आणि लगेच आडवा होतो. रात्री पाण्यावर जायचं असेल तर जेवूनच निघा. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलटा त्रास होतो. उपाशीपोटी चहा सोडा, तंबाखू सोडा. पित्ताची गोळी डॉक्टर देतील तेवढेच दिवस, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या. ती महिनोन्‌महिने मनानं घेत राहणं बरोबर नाही.

पेरणीचं कर्ज, मुलीचं लग्न, घरातला मृत्यू, अशा दिवसांत हा गोळा हमखास वाढतो. तेव्हा “काही नाही, मनाचे खेळ आहेत” असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्नायू खरंच आवळलेला असतो, त्रास खरा असतो. माणसाला बोलतं करा, ऐकून घ्या. झोप उडाली असेल, मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

पाचवं: तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांसाठी

तुम्हाला वरची पायरी लावून घरी थांबायची सूट नाही. तीन आठवडे आवाज बसलेला, मानेत न दुखणारी गाठ, वजन उतरलेलं, तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावत नाहीत, किंवा गिळताना एकाच बाजूचा कान ठणकतो, यातलं काहीही असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडं जा. घशाच्या कॅन्सरचं दुखणं कानात उमटतं, म्हणून कानात तेल घालून महिने घालवू नका. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सगळीकडं हा विभाग आहे. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात, काही मिनिटांचं काम असतं. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. सोबत मुलगा किंवा सून असली तरी तंबाखू किती वर्षं आणि दिवसाला किती, हे डॉक्टरला खरं सांगा.