कॅमेऱ्याचं बजेट बॉडीवरच संपवताय? या चुका टाळा

चाळीस हजार घेऊन माणूस दुकानात शिरतो आणि बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दोन किट लेन्सच्या खोक्यावर अडतीस घालवून बाहेर पडतो. उरलेल्या दोन हजारांत कार्ड, बॅग आणि वाऱ्यावर डुलणारा ट्रायपॉड. मग गणपतीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर रात्री ढोल पथकाचे फोटो काढले की टिपरूही पुसट आणि वाजवणाऱ्याचा चेहराही पुसट. दोष अर्थातच कॅमेऱ्याला.

खरं तर तिथे कमी पडते ती लेन्स. खोक्यातल्या १८-५५ मिमी लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, झूम केल्यावर एफ ५.६ वर येतं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). एफ १.८ ची साधी ५० मिमी लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० वर किट लेन्सला जिथे शटर १/३० सेकंद उघडं ठेवावं लागतं, तिथे १.८ वर सुमारे १/३०० मिळतो. टिपरू गोठवायला निदान १/२५० हवाच. बॉडी बदलून हा दहापटीचा फरक भरून निघत नाही, लेन्स बदलून निघतो.

त्यामुळे बजेटच्या निम्म्याहून जास्त रक्कम बॉडीवर घालू नका. ३५ ते ४० टक्के लेन्ससाठी ठेवा आणि उरलेल्यात चांगलं कार्ड, दुसरी बॅटरी आणि पावसाळ्यासाठी हवाबंद डबा बसवा. एवढ्यात नवी बॉडी येत नसेल तर एक पिढी जुनी, वापरलेली घ्या. सोनीचा ए६००० हा २०१४ चा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि तेवढे मेगापिक्सेल आजही मोठ्या प्रिंटला पुरतात. मेगापिक्सेलवर यापेक्षा जास्त बोलण्यात अर्थ नाही.

घरातल्या फोटोंसाठी ५० मिमी

'पहिली लेन्स ५० मिमीच घे' हा सल्ला फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) कॅमेऱ्यांच्या काळातला आहे. स्वस्त बॉडींचा सेन्सर लहान असतो. निकॉन आणि सोनीवर १.५, कॅननवर १.६ ने गुणा, म्हणजे ५० मिमीची लेन्स ७५ ते ८० मिमीसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत बारसं असेल तर पाठ भिंतीला टेकते, तरी पाळण्याशेजारची आत्या फ्रेमबाहेर. घरासाठी निकॉनवर एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ घ्या. कॅननवर ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ आहे. ती थोडी कमी उजेड घेते, पण खोलीत मावते. ५० मिमी राखून ठेवा ती पोर्ट्रेट, गाण्याचे कार्यक्रम आणि ढोल पथकासाठी.

भिगवणला फ्लेमिंगो टिपायचे म्हणून ५५-२५० वर दोनपटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून चित्र मोठं करणारं भिंग) चढवण्याची आयडिया बऱ्याच जणांना सुचते. तो दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, ५.६ चं ११ होतं आणि स्वस्त डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस गप्प बसतो. त्यापेक्षा होडीतून जवळ जा, शटर १/१००० च्या वर ठेवा आणि फोटो नंतर कापा. पुण्याजवळच्या कवडीच्या पाणपक्ष्यांनाही हेच लागू.

व्हिडिओ करायचा आहे, पण कॅमेरा फोटोचा घेतला

कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० फोटोला उत्तम, पण दोन्हींना बाहेरचा माइक लावायची सोय नाही. शिवाय १५००डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (थेट सेन्सरवरून झटपट फोकस करणारा) नसल्याने व्हिडिओत फोकस पुढेमागे चाचपडत बसतो. रेसिपीचं किंवा शिकवणीचं चॅनेल काढायचं असेल तर वापरलेला कॅनन २००डी यापेक्षा सरस: ड्युअल पिक्सेल आहे, माइकचं भोक आहे, स्क्रीन उलटी फिरते.

माउंट न पाहता लेन्स घेणं

माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडली जाते ती कडी. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, कारण लेन्स बॉडीवर बसते, क्लिक होते आणि तरीही चालत नाही.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे 'एएफ ५० मिमी १.८ डी' ही जुनी, स्वस्त लेन्स डी३५०० किंवा डी५६०० वर बसली तरी फोकस हाताने करावा लागतो. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं पाहा, नाहीतर मोटर असलेली डी७००० मालिकेतली बॉडी घ्या. याची उलट बाजूही आहे. नव्या 'एएफ-पी' लेन्स डी३२००, डी५१०० आणि डी७००० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत, हातानेही नाही, कारण त्यांची फोकस रिंग विजेवर चालते. 'मोटर बिघडली असेल, स्वस्तात देतो' असं म्हणणारा विक्रेता भेटला तर आधी बॉडीचं मॉडेल विचारा. लेन्स धडधाकट निघायची शक्यता आहे.

डी लेन्स लावल्यावर स्क्रीनवर 'एफ-ई-ई' चमकलं तर तो बिघाड नाही. लेन्सवरची अॅपर्चर रिंग शेवटच्या आकड्यावर, बहुधा २२ वर फिरवा आणि शेजारचं छोटं कुलूप सरकवा.

कॅननमध्ये ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, ईएफ मात्र दोन्हीकडे बसते. पुढे कधीतरी मिररलेस (बिनआरशाच्या) आर मालिकेत जायचा विचार असेल तर वापरलेल्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स वाया जात नाहीत, अडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडींसाठीचा एफटीझेड अडॅप्टर एएफ-एस लेन्सला ऑटोफोकस देतो, मोटर नसलेल्या डी लेन्सला नाही. कॅननच्या एम मालिकेपासून मात्र जपून. एम५० वापरलेला स्वस्तात मिळतो आणि कॅमेराही छान आहे, पण ती मालिका बंद झाली आणि तिच्या ईएफ-एम लेन्स आर बॉडीवर कुठल्याच अडॅप्टरने बसत नाहीत. त्या कॅमेऱ्याबरोबर एकच लेन्स आयुष्यभर वापरणार असाल तरच घ्या.

वापरलेली लेन्स दिवसाउजेडी वरवर पाहणं

विक्रेत्याला भेटायचं ते सावलीच्या जागी, खिशात मोबाइलची विजेरी आणि स्वतःचं कोरं कार्ड घेऊन.

लेन्सची दोन्ही झाकणं काढा. निकॉनची डीएसएलआर लेन्स बॉडीवरून काढली की अॅपर्चर बंद होतं, त्यामुळे मागची छोटी धातूची कळ बोटाने सरकवून ते उघडं धरा. कॅननची ईएफ लेन्स उघडीच राहते. आता मागून विजेरी तिरपी धरा आणि पुढून पाहा. चार-दोन धुळीचे कण चालतात. फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सरळ परत द्या. सगळीकडे सारखा धूसरपणा असेल तरीही नको. पुढच्या काचेवर बारीक चरा असला तर फोटोत सहसा काही दिसत नाही, पण मागच्या काचेवरचा चरा दिसतो.

निकॉनची ती कळ सोडली की पाती खटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली किंवा चमकदार ओली दिसली तर त्यांना तेल लागलंय. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे, कारण विचारा.

मग लेन्स बॉडीवर लावून भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो घ्या. कॅमेरा भिंतीला समांतर, अॅपर्चर पूर्ण उघडं. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून पाहा. चारही थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा वाहून गेला असेल तर आतली काच सरकली आहे. झूम असेल तर दोन्ही टोकांना हे करा.

कॅननच्या जुन्या १८-५५ लेन्सची एक ठरलेली खोड आहे. अॅपर्चर पूर्ण उघडं असताना फोटो निघतो, एफ ८ किंवा ११ ला 'एरर ०१' येतो. आतली अॅपर्चरची पट्टीसारखी केबल तुटलेली असते. संपर्काच्या सोनेरी टोकांवर कोरडं मऊ कापड फिरवूनही एरर राहिला तर लेन्स सोडा, दुरुस्तीच्या पैशांत बहुधा दुसरी वापरलेली मिळते.

बॉडीसाठी एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. टोपी लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, रंगीत चमकते ठिपके खूप असतील तर सोडा. प्रत्येक बटण दाबा, डायल एकेक घर फिरवून आकडा उडी मारतो का पाहा, पाच मिनिटं व्हिडिओ चालवा आणि ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती तडा किंवा वाकलेपण शोधा.

शटर काउंट, म्हणजे बॉडीने आजवर किती फोटो काढले तो आकडा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोतून कळत नाही, कारण तिथे फोटोतली माहिती गळून जाते. निकॉनचा आकडा मूळ फाइलमध्ये असतो, म्हणून स्वतःच्या कार्डावर फोटो घ्या. कॅनन बहुधा तो फाइलमध्ये लिहीत नाही, केबल जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. 'फक्त घरगुती वापर' यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ग्रिपचं रबर आणि शटर बटणाची झीज पाहून ठरवा. लग्नाच्या दोन सीझनमध्येही लाखाच्या जवळ आकडा जाऊ शकतो.

'फोकस चुकतोय', 'फ्लॅश पेटत नाही'

व्ह्यूफाइंडरमधून काढलेला फोटो पुसट आणि त्याच जागेचा लाइव्ह व्ह्यूमधला (मागच्या स्क्रीनवर पाहून काढलेला) स्पष्ट आला, तर डीएसएलआरचा फोकस थोडा पुढेमागे पडतोय. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवर फोकस करतो, म्हणून तिथे ही चूक दिसत नाही. स्वस्त बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करायची सोय नसते, लेन्स आणि बॉडी दोन्ही सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. दोन्हीकडे पुसट येत असेल तर बहुतेक वेळा शटर मंद आहे. क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ३०० मिमीला १/५०० च्या खाली जाऊ नका.

कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉट शूमध्ये (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत) फ्लॅशला इशारा देणारी मधली सिंक पिनच नाही. एका पिनवर चालणारा स्वस्त फ्लॅश किंवा ट्रिगर त्यावर बसेल, पण पेटणार नाही. कॅननच्या डिजिटल पिनांवर चालणारा घ्या आणि तोही आपल्याच बॉडीवर लावून, पेटवून.

पावसाळा

पुण्यात जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत पडून राहिली की बुरशीला मोकळं रान. पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर नक्कीच. दहा लिटरचा हवाबंद प्लास्टिक डबा, त्यात पाव किलो रंग बदलणारं सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ६० ओलांडला की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा, रंग मूळ झाला की परत वापरा. जेलऐवजी तांदूळ ठेवू नका, त्याची भुकटी झूमच्या फटीत जाते. चामड्याचं कव्हर डब्याबाहेर.

मिरवणुकीत गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधा, घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कापड. तोंडाने फुंकर नाही, थुंकी काचेवर बसते. यूव्ही फिल्टर (लेन्सवर बसणारी संरक्षक काच) गुलालात लावाच, पण दिवाळीतल्या पणत्यांचे फोटो काढताना काढून ठेवा. स्वस्त फिल्टरमध्ये प्रत्येक ज्योतीचं हिरवट भूत उमटतं.

बिल आणि कार्ड

बुधवार पेठेत असो की ऑनलाइन, भाव अवास्तव कमी असेल तर माल बहुधा परदेशातून परस्पर आणलेला असतो. त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी लागू होत नाही, दुकानाची चिठ्ठी म्हणजे वॉरंटी नव्हे. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावरचा सिरीयल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबरशी तिथल्या तिथे जुळवा. वापरलेला घेताना मूळ बिल मागा. ते नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीचा कागद घ्या, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडत नाही.

कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० (व्हिडिओच्या वेगाची) खूण असलेलं पुरे. जुन्या बॉडीत ३२ जीबीवरचं कार्ड चालतं का ते आधी पाहा. नवं कार्ड लग्नाला नेण्याआधी लॅपटॉपवर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड ६४ जीबी दाखवतं, आत ८ जीबीच असतात आणि त्यापुढचे फोटो उघडत नाहीत.