मेम्नेमाइ: ग्रीकमधल्या 'आठवणी'त या चुका टाळा

प्राचीन ग्रीक शिकताना 'मेम्नेमाइ' ('माझ्या लक्षात आहे') पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मी डिक्शनरीत 'मे' च्या पानांवर अर्धा तास घालवला आणि शेवटी वैतागून पुस्तक मिटलं. ते तिथे नसतंच. मूळ क्रियापद मिम्नेस्को, त्याखाली बघायचं. धातू 'म्ने', त्याच्या आधी वर्तमानात 'मि' लागतो आणि परफेक्टमध्ये (क्रिया पूर्ण झाल्याचं रूप) 'मे', संस्कृतात 'चकार'मध्ये सुरुवातीचं अक्षर डबल होतं ना, तसलाच प्रकार.

आता मोठी चूक. रूप परफेक्टचं दिसलं की लोक अर्थ भूतकाळात ढकलतात, पण मेम्नेमाइ म्हणजे 'माझ्या लक्षात आहे', आत्ता! मराठी माणसाला हे फुकटात कळायला हवं खरं तर, 'आजोबा झोपाळ्यावर बसलेत' असं म्हटलं की ते कधी बसले हे कोण विचारतं, आत्ता बसलेले आहेत एवढाच अर्थ. मग 'लक्षात होतं' म्हणायचं तर प्लुपरफेक्ट (परफेक्टचा भूतकाळ), एमेम्नेमेन, आणि 'लक्षात ठेवीन' साठी फ्युचर परफेक्ट (परफेक्टचा भविष्यकाळ), मेम्नेसोमाइ. साधं मिम्नेस्को मात्र 'आठवण करून देतो', तिथे गडबड नको.

विभक्ती जेनिटिव्ह, म्हणजे आपली षष्ठी. आपण 'तुझी आठवण येते' म्हणतोच की, तरी सवयीने द्वितीया लावली जाते (मी वर्षभर लावत होतो). ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमधला किस्सा घ्या: अथेन्सवाल्यांनी पर्शियाच्या ताब्यातलं सार्डिस शहर जाळायला मदत केली म्हणून पर्शियाचा राजा दारियस भडकला आणि जेवण वाढलं की नोकराने तीनदा म्हणायचं, 'देस्पोता, मेम्नेओ तोन आथेनाइओन', मालक, अथेन्सवाल्यांना विसरू नका. 'तोन आथेनाइओन' हीच ती षष्ठी. आणि मेम्नेओ बघून छपाईची चूक समजू नका, ते आयोनिक बोलीतलं आहे, अ‍ॅटिकमध्ये (अथेन्सच्या बोलीत) मेम्नेसो.

एम्नेस्थेन हा याच क्रियापदाचा आओरिस्ट (साधा भूतकाळ) दिसायला पॅसिव्ह (कर्मणी), अर्थ 'मला आठवलं'. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरचा गुन्हेगार येशूला 'म्नेस्थेती मू' म्हणतो, ते 'माझी आठवण ठेव' आहे, 'आठवला जा' नाही.

शेवटचं, पुढे पार्टिसिपल ('ओन', म्हणजे 'असलेला') आहे की इन्फिनिटिव्ह ('एइनाइ', म्हणजे 'असणं') ते नीट बघा. 'मेम्नेसो आन्थ्रोपोस ओन' म्हणजे तू माणूस आहेस हे लक्षात असू दे. 'ओन'च्या जागी 'एइनाइ' टाकलंत की झालं, माणूस व्हायचं विसरू नकोस.