आधी आकडे वाचा, मग वर्ग करा

माझे वडील गवंडी. चाळीसगावच्या आजूबाजूला पायाची आखणी करताना ते कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर ९ फुटांवर खूण करत, दुसरीवर १२ फुटांवर, आणि तिरपा टेप धरून १५ भरतात का ते बघत. अर्धा इंच इकडेतिकडे झाला की खुंटी उपटून पुन्हा ठोकत. नुसता गुण्या कोपऱ्यात बरोबर दिसतो, पण भिंत लांब गेली की फरक उघडा पडतो, म्हणून माप मोठं घ्यायचं, असं ते सांगत. आता मी दहावीची शिकवणी घेते, तेव्हा पायथागोरसचं प्रमेय त्या दोरीपासूनच सुरू करते.

काटकोन दिसला रे दिसला की मुलं वर्ग करायला लागतात. कर्ण ३९, एक बाजू १५. लगेच १५२१ वजा २२५, मग १२९६ चं वर्गमूळ शोधताना पाच मिनिटं जातात. मी पेन खाली ठेवायला लावते. दोन्ही आकड्यांना कशाने भाग जातो? ३ ने. उरले १३ आणि ५. तिसरी बाजू १२, तिला ३ ने गुणा: ३६. हे मी पहिल्यांदा फळ्यावर केलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तुमले हाई कसं समजनं?" समजलं ते भाग देऊन पाहिल्यामुळे.

त्यासाठी चार त्रिकुटं तोंडपाठ हवीत: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५. दशांश चिन्हाला घाबरू नका. १.५ आणि २ दिसले तर दुप्पट करा, ३ आणि ४ समोर येतात, म्हणजे कर्ण २.५.

इथे हुशार मुलंही एका जागी फसतात. ३ आणि ४ दिसले म्हणजे तिसरी ५ असं नाही. ४ हाच कर्ण असेल तर तिसरी बाजू √७ येते. त्रिकुटातला सर्वांत मोठा आकडा कर्णावरच बसतो, तेव्हा दिलेल्यांपैकी कर्ण कोणता ते आधी बोटाने दाखवा.

आकड्यांत त्रिकूट सापडलं नाही तर कोन बघा. कंपासपेटीतले दोन गुण्ये बाहेर काढा. एकाचे कोन ४५-४५-९०, दुसऱ्याचे ३०-६०-९०. पहिल्यात दोन बाजू सारख्या आणि कर्ण त्यांच्या √२ पट. चौरसाचा कर्ण आला की हाच गुण्या. दुसऱ्यात ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी आणि ६०° समोरची त्या निम्मीच्या √३ पट. या दुसऱ्यात सगळा घोळ होतो, म्हणून माझा नियम कडक आहे: काहीही दिलेलं असो, आधी ३०° समोरची बाजू काढायची. समभुज त्रिकोणाची उंची ९ दिली, बाजू विचारली. उंचीने त्याचे ३०-६०-९० चे दोन त्रिकोण होतात, त्यात ९ ही ६०° समोरची आहे. तिला √३ ने भागलं की ३√३, ही झाली ३०° समोरची. दुप्पट केली, बाजू ६√३.

कधी काटकोन आकृतीत नसतोच, तो आपण पाडायचा. समद्विभुज त्रिकोणाचा शिरोकोन १२०° दिसला की लंब टाका, ३०-६०-९० चे दोन त्रिकोण मिळतात. १३, १४, १५ बाजूंच्या त्रिकोणात १४ वर लंब टाका. एका अंगाला ५-१२-१३, दुसऱ्या अंगाला ९-१२-१५. उंची १२, क्षेत्रफळ ८४. हे उदाहरण मला फार आवडतं.

पेपरात मात्र नुसतं उत्तर लिहू नका. "३०°-६०°-९०° त्रिकोणाच्या प्रमेयानुसार" ही ओळ हवीच.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याचं कोरलेलं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत मोराचं गणित आहे. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. दोघं सारखंच अंतर तोडतात आणि बिळापासून १२ हातांवर गाठ पडते. म्हणजे मोराची झेप १५ हात. मी हे वडिलांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ही तर आपली आखणी."

त्याच ग्रंथातलं कमळाचं गणित तुम्ही करून बघा. कमळ पाण्यावर अर्धा हात, वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडालं. पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात येईल आणि देठ सव्वाचार. आता दोन, पावणेचार, सव्वाचार, तिन्हींची चौपट करून बघा.