ॲम्प किती तापू द्यायचा, स्पीकर किती वाजवून मोकळे करायचे

दुरुस्त केलेला ॲम्प परत देताना एक प्रश्न हमखास येतो: "नीट ऐकायला बसायचं असेल तर आधी किती वेळ चालू ठेवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. अर्धा तास. क्लास ए (सतत भरपूर करंट ओढणारा, म्हणून जास्त तापणारा) असेल तर तासभर. डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र), सीडी प्लेयर, क्लास डी (कमी तापणारे) ॲम्प यांना दहा मिनिटं खूप झाली. नवं यंत्र दोनशे तास, पाचशे तास वाजवल्यावरच "मोकळं" होतं असं सांगतात, पण हे आकडे बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या सोयीचे असतात. पण "हे सगळं थोतांड आहे" म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं पटत नाही, कारण काही भाग खरोखर बदलतात आणि ते मीटरवर दिसतं. म्हणून एकेक भाग वेगळा काढून बघू.

ट्रान्झिस्टर ॲम्प

ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो. म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर तापले की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढायला लागतात. त्यांना आवरायला हीटसिंकवरच आणखी एक छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. तो तापमान बघून बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही वाहणारा थोडासा करंट, कमी-जास्त करतो. पण हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा चांगला जड ठोकळा. तो तापेपर्यंत बायस जागेवर येत नाही. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावून बसलं की हे डोळ्यांनी दिसतं: थंड असताना १३-१४ मिलिव्होल्ट, आणि वीस-पंचवीस मिनिटांत २० च्या आसपास येऊन थांबलेला आकडा. काही ॲम्प उलटे वागतात, आधी चढतात आणि मग उतरतात. बायस लावण्याआधी ॲम्प तापू द्या, असं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते यामुळेच.

आता हे कानाला कळतं का? बायस कमी असला की क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (सिग्नल एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना होणारी मोडतोड) थोडं वाढतं, आणि हळू आवाजात ते सापेक्ष जास्त असतं. पण चांगल्या डिझाइनमध्ये फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत घेऊन चूक सुधारणारी जोडणी) ते इतकं दाबून टाकतो की थंड ॲम्पमध्येही ते ऐकू येण्याच्या बरंच खाली राहतं. तरी दोन ॲम्पची तुलना करायची असेल तर अर्धा तास थांबा. फुकटचा उपाय आहे, आणि नंतर वाद घालायला एक कारण कमी उरतं.

झाकण मात्र उघडू नका. फिल्टर कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून असतात. हीटसिंकवर किंवा वरच्या जाळीवर तळहात ठेवा, दहा मिनिटांनी परत ठेवा. ऊब वाढायची थांबली की ॲम्प तयार. या वेळात आवाज मोठा ठेवायची गरज नाही. स्टँडबायवर काढलेला वेळ मात्र धरू नका. बऱ्याच ॲम्पमध्ये स्टँडबायला आउटपुट स्टेजचा पुरवठाच तुटलेला असतो.

"मग कायमच चालू ठेवला तर?" रिकामा चालू असताना ४० वॅट खाणारा ॲम्प दिवसाला जवळजवळ एक युनिट वीज खातो. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्मं होतं. माझं काम वाढवायचं असेल तर जरूर ठेवा.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत १९७४ च्या नियमानुसार, जाहिरातीत ॲम्पची पॉवर सांगायची तर मोजण्याआधी तो एक तृतीयांश पॉवरवर तासभर चालवावा लागे. उत्पादकांना ते फार जड जाई, कारण क्लास एबी, म्हणजे नेहमीचा ट्रान्झिस्टर ॲम्प पूर्ण पॉवरपेक्षा याच मधल्या पट्ट्यात जास्त तापतो. २००० साली ते प्रमाण एक अष्टमांशावर आणलं गेलं. हा दंडक यंत्राला उष्णता सोसते का हे बघण्यासाठी होता. आवाज खुलण्याशी त्याचा संबंध नव्हता, तरी "तासभर तापवा" सांगताना त्याचा दाखला दिला जातो.

व्हॉल्व्ह, टर्नटेबल आणि इतर

व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पमधून अर्ध्या मिनिटात आवाज येतो, पण बायस स्थिरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. इथे तापण्याचा फरक खरा असतो, आणि साध्या सर्किटमध्ये फीडबॅक कमी असल्यानं तो झाकलाही जात नाही. फक्त व्हॉल्व्ह झिजतात, त्यामुळे ऐकून झालं की बंद करा.

डॅकमधला वेळेचे ठोके देणारा क्रिस्टल तापताना काही पीपीएमनं (दहा लाखांत काही भागांनी) सरकतो. १० पीपीएम धरा. सुरांच्या मापात एक सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) म्हणजे सुमारे ५७८ पीपीएम, म्हणजे हा फरक एका सेंटच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. एवढा फरक पकडणारा कान मला अजून भेटायचा आहे.

टर्नटेबलचं तसं नाही. कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीला धरणारं रबर थंडीत ताठ होतं आणि ट्रॅकिंग बिघडतं. मोठ्या आवाजाच्या जागी स, श चरचरतात. खोली २० ते २५ अंशांच्या दरम्यान असावी. थंडीत आधी एखादी कमी प्रिय रेकॉर्ड एक बाजू वाजवा, बेअरिंगमधलं तेल आणि बेल्टही तेवढ्यात रुळतात. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर असतील तर प्लग लावल्यावर पडद्यावर चार्ज बसायला वेळ लागतो; लगेच ऐकून मत बनवू नका.

स्पीकर: इथे वाजवून मोकळं करणं खरं आहे, पण थोडंच

वूफरचा (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन दोन गोष्टींवर तरंगतो: बाहेरचा सराउंड आणि आतला स्पायडर. स्पायडर म्हणजे रेझिन लावून दाबलेलं नालीदार कापड. कोऱ्या चपलेसारखा तो सुरुवातीला ताठ असतो, काही वेळा जोरात हलला की सैल पडतो. रेझोनन्स (कोन ज्या कंपनसंख्येला आपोआप सर्वात सहज हलतो ती) ४२ हर्ट्झ दाखवणारा आठ इंची वूफर रात्रभर हलवल्यावर ३८-३९ दाखवतो, हे मी अनेकदा मोजलं आहे. बराचसा बदल पहिल्या काही मिनिटांत ते पहिल्या एक-दोन तासांत होतो. नंतर विश्रांती दिली की त्यातला थोडा परतही येतो.

पण पेटीत घातल्यावर काय उरतं ते बघा. समजा वूफरचा एफएस (पेटीबाहेरचा रेझोनन्स) ४० हर्ट्झ, व्हीएएस (सराउंड-स्पायडरइतकीच लवचीक असलेली हवा) ५० लिटर आणि बंद पेटी २० लिटरची. पेटीतला रेझोनन्स येतो ७४.८ हर्ट्झ. आता सस्पेन्शन, म्हणजे सराउंड आणि स्पायडर, १५ टक्के सैल झालं. एफएस उतरून ३७.३ झाला, व्हीएएस वाढून ५७.५ झाला. पेटीतला रेझोनन्स? ७३.४. दीड हर्ट्झसुद्धा नाही. कारण लहान पेटीत खरी स्प्रिंग आतली हवा असते, आणि हवा काही मोकळी होत नाही. "पहिल्या दिवशी बेसच नव्हता, महिन्यानं उघडला" या वाक्याचा उलगडा या दीड हर्ट्झमध्ये होत नाही. तो महिन्याभरात सरकवलेल्या स्टँडमध्ये, भिंतीपासूनच्या अंतरात आणि सवयीत शोधावा.

तरी नवे स्पीकर आणलेत तर इतकं करा. प्रवासातून थंड होऊन आले असतील तर चार-पाच तास खोलीत नुसते ठेवा. मग भरपूर बेस असलेलं संगीत नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात एक संध्याकाळ वाजवा. घरच्यांना त्रास नको असेल तर दोन्ही स्पीकर समोरासमोर, काही सेंटीमीटर अंतरावर ठेवा, एकाच स्पीकरच्या तारांची प्लस-मायनस अदलाबदल करा आणि वर जाड गोधडी टाका. दोघांचा बेस एकमेकांना खोडतो आणि खोलीत फारच कमी आवाज उरतो. संपल्यावर तारा परत सरळ करायला विसरू नका. विसरलात तर बेस गायब झालेला दिसेल.

दोन गोष्टी टाळा. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा सतत खरखराट) पूर्ण आवाजात रात्रभर सोडू नका. यात जळतो तो ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर), आणि असे जळालेले ट्वीटर माझ्याकडे नेमानं येतात. आणि पोर्ट असलेल्या पेटीला २० हर्ट्झची साइन वेव्ह देऊ नका. पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनाला मागून हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो आणि त्याला जोडलेली तांब्याची कॉइल मागच्या प्लेटवर आपटते.

उलट दिशेचा एक बदल कुणी फारसा सांगत नाही. व्हॉइस कॉइल तापली की तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ ४० टक्के जास्त, आणि स्पीकर त्या मानानं हळू वाजतो. मोठ्या आवाजात तासभर वाजवून लगेच ऐकायला बसलात तर तुम्ही दमलेला स्पीकर ऐकताय.

हेडफोनमध्ये पडद्यापेक्षा कुशन जास्त बदलतं. ते दबलं की कानाचं अंतर आणि हवाबंदपणा दोन्ही बदलतात. शिवाय तोच हेडफोन काढून परत घातला तरी वरच्या पट्टीत काही डेसिबलचा फरक पडतो. एकाच वेळच्या ऐकण्यावर विसंबू नका, चार वेळा घालून ऐका.

केबलला काही लागत नाही.

कान आणि आवाजाची पातळी

खरी तयारी इथे लागते. गोंगाटातून आलात तर कानाची संवेदना काही काळ कमी झालेली असते. त्या दिवशी तुलना करू नका. ओळखीचं एक ध्वनिमुद्रण, ठरलेल्या आवाजात, दहा-पंधरा मिनिटं ऐका आणि मगच सुरू करा. ऐकण्याच्या चाचण्यांसाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) बीएस.१११६ ही शिफारस आहे, तिच्यातही श्रोत्यांना आधी सराव द्यायला सांगितलं आहे. म्हणजे यंत्राइतकाच माणूसही तयार व्हावा लागतो.

आवाजाची पातळी जुळवायची ती स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून. एखादी ४०० हर्ट्झच्या आसपासची टेस्ट टोन लावा, एका ॲम्पवर २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणा. तो ०.१ डेसिबलचा फरक झाला. बटणावरच्या खुणा जुळवून हे साधत नाही, आणि किंचित मोठा वाजणारा ॲम्प कानाला नेहमी "जास्त मोकळा" वाटतो.

थंड आणि गरम यांतला फरक स्वतः तपासायचा असेल तर ॲम्प सुरू केल्या केल्या एक तुकडा रेकॉर्ड करा, तासाभरानं तोच तुकडा त्याच पातळीला पुन्हा रेकॉर्ड करा. ॲम्पचा आउटपुट साउंड कार्डाला थेट जोडू नका. मध्ये रेझिस्टरचा डिव्हायडर हवा, आणि ब्रिज प्रकारचा ॲम्प असेल तर हा प्रयोगच करू नका, त्याची निगेटिव्ह तार ग्राउंड नसते. दोन्ही फाइल फूबार२००० या संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एबीएक्समध्ये (कुठला तुकडा कोणता हे न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीत) घाला. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखलंत तर ते नुसत्या नशिबानं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. तेवढं जमलं तर मी तुमचं म्हणणं मान्य करीन.

स्पीकरला ही युक्ती चालत नाही. तिथे तशीच दुसरी, न वाजवलेली जोडी लागते. ती मिळाली नाही तरी परत करण्याची मुदत सांभाळा. "दोनशे तास वाजवा, मग बोला" असं कुणी म्हणालं तर हिशेब करा: रोज दोन तास ऐकणाऱ्याला त्याला शंभर दिवस लागतील. पहिल्या आठवड्यात जो स्पीकर आवडला नाही, तो परत करा.

कपाटात वर्षानुवर्षं पडलेला ॲम्प

इथे घाई केली तर नुकसान होतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर वापराविना पातळ होत जातो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिला तर गळती करंट वाढतो, कपॅसिटर तापतो, कधी फुटतो. व्होल्टेज हळूहळू चढवला तर थर परत बनतो. व्हेरिॲक (व्होल्टेज हवा तेवढा कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर दोन-तीन तासांत टप्प्याटप्प्यानं वर न्या. व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असलेल्या ॲम्पमध्ये ही पद्धत चालत नाही. कमी व्होल्टेजला त्याचा हीटरच तापत नाही, मग कपॅसिटरपर्यंत काही पोचत नाही आणि शेवटी सगळं एकदम येतं.

व्हेरिॲक नसेल तर सिरीजचा बल्ब, म्हणजे ॲम्पच्या वीजपुरवठ्याच्या वाटेत जोडलेला बल्ब, वापरा: ६० किंवा १०० वॅटचा, तारेचा, एलईडी नाही. वायरिंगची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या. स्पीकर जोडू नका. चालू करताच बल्ब भकन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच अर्धा तास ठेवा आणि बल्ब काढून थेट लावा. प्रखर पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा. थेट लावल्यावर स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्पीकर जोडू नका, ॲम्प दुरुस्तीला न्या.