तीस माणसं आणि वेताळवाडीचा किल्ला: एका दिवसाची आखणी

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, तर चालणाऱ्यांच्या गटासाठी अजिंठ्याच्या डोंगरातला वेताळवाडीचा किल्ला सोयीचा आहे. सिल्लोड, गोळेगाव, उंडणगाव, हळदा असं जायचं. हळद्याचा घाट किल्ल्याच्या कुशीतूनच उतरतो. त्यामुळे घाटातून चढून पलीकडे वेताळवाडी गावात उतरता येतं, आलेल्या वाटेने परत यावं लागत नाही. गाडी मात्र घाट उतरून खाली थांबायला हवी, आणि हे ड्रायव्हरला आदल्या दिवशीच समजावून सांगा. घाटात रेंजचा भरवसा नसतो. पन्नास सीटच्या बसपेक्षा दोन टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या, वळणं आवळ आहेत. अजिंठा लेणी याच दिवसात उरकू, असं कोणीतरी सुचवणारच. नाही म्हणा, दोन्ही अर्धवट होतात.

दिवस निवडताना पाऊस ओसरल्यावरचा काळ ते फेब्रुवारी एवढाच धरा. मार्चनंतर उघड्या कातळावर दहा वाजताच जीव नकोसा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवा असतो, पण दुपारनंतर वीज कोसळायची भीती असते. मराठवाड्यात ही भीती पोकळ नाही. या दोन महिन्यांत बारापर्यंत माथा सोडायचाच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर बुरूज, तटाचा माथा आणि एकटं झाड सोडून ताबडतोब खाली सरका. नोव्हेंबरात गवत वाळलं की कुसळं सुरू होतात. लोकरी किंवा जाड सुती मोज्यात ती घट्ट रुततात. गुळगुळीत कापडाची फुल पँट मोज्यांवरून सोडली तर निम्मा त्रास वाचतो.

पंधरा दिवस आधी दोघातिघांनी वाट पाहून यावं. नुसतं ‘रस्ता आहे’ एवढं बघून चालत नाही. कुठे फाटे फुटतात, सावली कुठे आहे, आग्या मोहोळ कुठल्या कमानीत किंवा कड्याला लटकलंय, हे टिपून घ्या. पायथ्याच्या शेतांत मका-कापूस उभा असेल तर बांधावरून जायला शेतकऱ्याला विचारा. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असतो का, हेही विचाराच. तीस जणांत कोणीतरी आधारासाठी तारेला हात लावतोच.

आता वेळेचं गणित. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, हा हिशोब धडधाकट दोघांसाठी ठीक आहे. तीस जणांच्या रांगेला तो लावला की दिवस बिघडतो. जी वाट पाहणीत पाऊण तासात झाली, तिला गटासाठी सव्वा तास धरा. सहाला निघालात तर चहा धरून पावणेनऊपर्यंत घाटात, नऊला चालायला सुरुवात, सव्वादहाला माथ्यावर. दरवाज्यावर कोरलेले शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), तटबंदी, अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार, टाकी हे सगळं पाहून बाराला उतरायला लागा. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनपर्यंत सगळे गाडीत असले की घोर नाही.

रांगेत पुढे एक माहितगार आणि सगळ्यात मागे एक धीराचा, चालायला तगडा माणूस हवा. मागच्याच्या मागे कोणीही राहायचं नाही, लघवीला थांबलेलासुद्धा. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. नेमकी चूक विश्रांतीत होते. पुढचे दहा मिनिटं बसतात, मागचे धापा टाकत पोचतात आणि तेवढ्यात पुढचे ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच बसायला मिळत नाही. दुपारी पायात गोळे त्याच्याच येतात. म्हणून विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस टेकल्यावर सुरू करा. मोजणीला एकेक नंबर पुकारू नका, मित्राच्या नावानेही ‘हजर’ येतं. सहा-सहांचे पाच गट करा आणि गटप्रमुखाने चेहरे पाहून सांगावं.

पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरात साडेतीन. किल्ल्यावरच्या टाक्यांचं पाणी पिण्यासाठी धरू नका. गाडीत वीस लिटरचे दोन जार उतरल्यावरसाठी ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्ध्या बाटलीत ओतलं तर ते फायद्याऐवजी अपायच करतं.

जेवणाला धपाट्यांसारखं दुसरं काही नाही. माणशी चार धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. गरम धपाटे थेट डब्यात कोंबले की वाफेने घाम सुटतो आणि दुपारपर्यंत ते चिकट, आंबूस होतात. परातीत पसरून पूर्ण गार करा, मग सुती फडक्यात गुंडाळा. दही सोबत घेऊ नका, हिंदकळून पाठीवर सांडतं. वेताळवाडीत कोणाकडे पिठलं-भाकरी सांगायची असेल तर दोन दिवस आधी आकडा पक्का द्या. माणशी दोन म्हटल्या तरी साठ भाकरी होतात, तेवढ्या एका चुलीवर ऐनवेळी थापून होत नाहीत. ठरलेल्या आकड्याचे पैसे द्यायचे, चार जण आले नाहीत तरी.

उतरताना मुरुमावर घसरणं जास्त, आणि ते दमलेल्या गुडघ्यांमुळे. दोघांत दोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाच्या पायाखालचा दगड दुसऱ्याच्या घोट्यावर येत नाही. दगड उचलून किंवा फटीत हात घालून आधार घेऊ नका, फुरसं तिथेच असतं. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. अंगठी-कडं काढा, तो भाग हलू देऊ नका, माणसाला उचलून गाडीपर्यंत न्या आणि रेंज मिळताच १०८ लावा. मोहोळाजवळ सेंट, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता डोकं-तोंड ओढणीने झाकून लांब पळा. डंख झाल्यावर ज्याला धाप लागेल किंवा ओठ सुजतील, त्याला त्याच मिनिटाला दवाखान्याकडे हलवा, बाकीच्यांसाठी थांबू नका. म्हणूनच दुसरी गाडी कामाची.

पैसे निघायच्या आधी गोळा करा. डिझेल, ड्रायव्हरचं जेवण आणि किरकोळसाठी माणशी पन्नास जास्त घ्या, उरलेले त्याच संध्याकाळी परत वाटा.